कुत्र्याला घेऊन दापोली-गुहागर: राहायचं कुठे, जायचं कसं?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून दापोली-गुहागर असा बेत चाललाय. आम्ही दोघं, चौथीतली मुलगी, सासूबाई आणि बुंदी. बुंदी म्हणजे आमची लॅब्रॅडॉर, वय सात, वजन बत्तीस किलो (किती असायला हवं ते डॉक्टरांनी सांगितलंय, कृपया तुम्ही सांगू नका). आजवर तिला बोर्डिंगला ठेवत आलो, पण गेल्या वेळी तिथून परत आल्यावर ती खाणंच सोडून बसली होती. आता मुलीने जाहीर केलंय, बुंदी येणार नसेल तर मीही येणार नाही.

राहण्यासाठी फोन सुरू केलेत. उत्तरं तीन तऱ्हेची येतायत. एक, सरळ नाही. दोन, "लहान आहे का हो? पॉमेरियन वगैरे?" आणि तीन, "आणा की! पडवीत बांधा, आमची काही हरकत नाही." या तिसऱ्या गटातले लोक सगळ्यात प्रेमाने बोलतात. एकाला जवळजवळ हो म्हणून झालंय. घरी ती मुलीच्या पलंगाखाली झोपते, पण रात्रीपुरतं पडवीत राहिली तर काय बिघडलं, असं नवऱ्याचं मत आहे.

शिवाय ताम्हिणीतून जावं की वरंध्यातून, दाभोळच्या फेरीबोटीत कुत्रा नेऊ देतात का, तिकडे जनावरांचे डॉक्टर मिळतात का, आणि सासूबाई कडक शाकाहारी असताना बुंदीच्या जेवणाचं काय करायचं, हेही सांगा.

चहाबाज

वाखू (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे बीगल आहे, प्रश्न हेच. इथेच बसून आहे.

रेवस_रेड्डी

पडवीवाल्याक हो म्हणू नको गो बाय. रात्री कुत्र्याक भायर बांधलंस तर सकाळी नुसती साखळी गावतली. बिबटो आमच्या वाडीत येता तो कुत्र्यांसाठीच येता.

तळ्यातमळ्यात

बापरे! हे गमतीत म्हणताय की खरंच? आम्ही तर समुद्राकाठी राहणार आहोत, जंगलात नाही.

आगरातला

खरंच आहे. गुहागरच्या बाजूला आमचं घर आहे आणि पाहुण्यांसाठी खोल्याही, तेव्हा दोन्ही बाजूंनी लिहितो.

समुद्र एकीकडे आणि जंगल दुसरीकडे असा प्रकार आमच्याकडे नाही. पुळण, मागे सुरूचं बन, मग आगरं (नारळी-पोफळीच्या बागा), मग डोंगर आणि वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, एवढं सगळं चालत तासाभरात संपतं. बिबट्या अंधार पडला की पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेकडेने खाली येतो. गावातली कुत्री मोकळी असतात. ती पळतात, पडवीवरून माळ्यावर चढतात, एकमेकांना भुंकून सावध करतात, आणि तरीही वर्षाकाठी एखादं जातंच. बांधलेल्या कुत्र्याला तर पळण्याचीही सोय नाही. तुमची बुंदी वासानेच घाबरून ओरडेल, म्हणजे ठावठिकाणा आणखी पक्का.

'पडवीत बांधा' म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याचं स्वतःचं कुत्रं बाहेरच असतं, त्यामुळे त्याला त्यात वावगं वाटत नाही. म्हणून फोनवर 'कुत्रा चालेल का' असं विचारूच नका, त्याला कोणीही हो म्हणतं. 'कुत्रा रात्री आमच्याबरोबर खोलीत, दार लावून झोपेल, चालेल का' असं विचारा. याला स्पष्ट हो आलं तर बाकीचं सगळं जुळवता येतं. उत्तर गोलमोल आलं तर नमस्कार करून पुढचा नंबर फिरवा. आधी रात्र ठरवा, मग गाव, मग रस्ता. पाहुणे बरोब्बर उलट करतात: समुद्रकिनारा ठरवतात, आगाऊ पैसे भरतात आणि रात्री नऊ वाजता खोलीच्या दारात वाद घालतात.

आता आमची बाजू. आम्ही 'नाही' का म्हणतो? चादरींना चिकटलेले केस धुऊनही निघत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत दम्याचा माणूस उतरतो. एकटं कोंडून जेवायला गेलात तर कुत्रं दार ओरबाडतं. शेजारच्या खोलीतली मुलं घाबरतात. आईचं सोवळं असतं, गोठ्यात व्यालेली गाय असते, कोंबड्या तर सगळीकडेच. तुम्ही आपली जुनी चादर आणलीत, कुत्र्याला खोलीत एकटं सोडणार नाही असं आधीच सांगितलंत आणि साफसफाईचे वेगळे पैसे देऊ म्हणालात, तर दहातले निम्मे नकार होकार होतील. लहान आहे की मोठा, हे आम्ही विचारतो ते काहीतरी विचारायचं म्हणून. मोठी लॅब दिवसभर लोळते आणि छोटा पॉमेरियन अख्खं गाव उठवतो, हे आम्हालाही आता कळलंय.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. घरच्यांचा स्वतःचा कुत्रा मोकळा असतो का? आणि विहिरीला कठडा आहे का? आगरातल्या जुन्या विहिरी कित्येकदा जमिनीलगत उघड्या असतात.

खारफुटी

वरच्या मुद्द्याला पुस्ती. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. तो उसाचा प्रदेश, कोकण वेगळं, हे मान्य. पण 'बिबट्या कधीतरी चुकून कुत्रा उचलतो' ही समजूत तेवढी डोक्यातून काढा. पुण्याची मंडळी जुन्नरला जातानाही हेच लक्षात ठेवा.

स्पष्टवक्ता

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हा सगळा खटाटोप कुत्र्यासाठी आहे की तुमच्यासाठी? कुत्र्याला समुद्र बघायची हौस नसते. सहा तास गाडीत हलवायचं, अनोळखी घरात ठेवायचं, वर बिबट्याची धास्ती. त्यापेक्षा ओळखीच्या कोणाला चार दिवस तुमच्या घरी राहायला बोलवा. कुत्रा आपल्या घरात, आपल्या जागेवर. तुम्हीही देवळात निवांत जाल.

मनीम्याऊ

स्पष्टवक्ता, कुत्र्याला हौस नसते हे कोणी सांगितलं? लॅबला पाणी दिसलं की काय होतं ते एकदा बघा.

स्पष्टवक्ता

पाणी पाषाण तलावातही असतं.

गुरांचा_डॉक्टर

भांडू नका, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. मी पशुवैद्य आहे, पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात होतो, आता शहरात कुत्री-मांजरं बघतो.

काही कुत्र्यांनी खरंच घरी राहावं. फटाक्यांना, गाडीला, अनोळखी माणसांना घाबरणारी, हृदयाचं किंवा फिट्सचं औषध चालू असलेली, फार म्हातारी. पग, शिह त्झू, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्यांना कोकणातली दमट हवा झेपत नाही, त्यांना मे महिन्यात तर मुळीच नेऊ नका. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि हवा दमट असली की तेही नीट होत नाही. सात वर्षांची धडधाकट लॅब थंडीच्या दिवसांत जायला हरकत नाही. वजनाबद्दल बोलायची बंदी आहे, सबब बोलत नाही.

निघण्याआधी महिनाभर तुमच्या डॉक्टरांना भेटा, आदल्या दिवशी नको. रेबीजचा वार्षिक डोस आणि लेप्टोस्पायरोसिसचा डोस झालाय का ते बघा. लेप्टो उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, आगरातले पाट आणि भातखाचरं ही त्याची घरं. दुसरं गोचीड. गुरांच्या गावात गोचीड लागणारच. महिना किंवा तीन महिने पुरणारी गोळी मिळते, ती वजन बघून डॉक्टरांकडूनच घ्या. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुत्रा मलूल झाला, खाईना, हिरड्या फिक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर 'हवा मानवली नाही' म्हणत घरी बसू नका. गोचीडताप असतो, साध्या रक्ततपासणीत कळू शकतो.

तिकडच्या दवाखान्यांबद्दल. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, १९६२ या नंबरवर फिरतं पथकही आहे, पण ही सगळी व्यवस्था प्रामुख्याने गुरांसाठी. जखम शिवणं, सलाईन लावणं, इंजेक्शन देणं होईल. सोनोग्राफी किंवा रात्रीची शस्त्रक्रिया लागली तर चिपळूण-रत्नागिरी गाठा, आणि मोठं काही असलं तर कोल्हापूर किंवा पुणे. मुक्कामाच्या गावाजवळचा डॉक्टर कोण आणि रविवारी भेटतो का, हे निघायच्या आधी घरमालकालाच विचारा. त्यांची गाय तोच बघतो.

तळ्यातमळ्यात

डॉक्टर, खूप आभार. सोबत औषधं काय ठेवू?

गुरांचा_डॉक्टर

बीटाडीन, कापूस, गॉज, चिकटपट्टी, गोचीड काढायचा चिमटा, थर्मामीटर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की घाई करा: सावली, ओला टॉवेल, पंखा, साधं पाणी, आणि तसंच दवाखान्यात. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. माणसांच्या तापाच्या-दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, आयबुप्रोफेन तर अजिबात नाही. गाडी लागत असेल तर उलटीचं औषध आधी विचारून घ्या.

घाटपांडे_नव्हे

रस्त्याचं मी सांगतो. वरंध्यात वळणं आणि कामं दोन्ही जास्त, पावसाळ्यात तर तो कितीदा बंद असतो. ताम्हिणी घ्या. मुळशीवरून घाट उतरून निजामपूर, माणगाव, मग महामार्गाने लोणेरे फाटा, तिथून आंबेत, मंडणगड, दापोली. थेट गुहागरला जायचं असेल तर महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण. कशेडीचा बोगदा झाल्यापासून त्या घाटातली वळणं वाचतात, गाडी लागणाऱ्या कुत्र्याला मोठाच आराम.

पहाटे निघा, कुत्र्याला रिकाम्या पोटी. दर दोन तासांनी थांबा, पण धाब्यावर नको. तिथे आधीच कुत्र्यांची टोळी असते आणि हाडं पडलेली असतात. घाट संपल्यावर एखाद्या मोकळ्या वळणावर थांबा. आणि दार उघडायच्या आधी पट्टा हातात. महामार्गावर गाडीतून उडी मारून गेलेली कुत्री परत सापडणं कठीण. छातीपट्टा घालून सीटबेल्टला अडकवायची दोरी मिळते, ती घ्याच.

चहा प्यायला सगळे उतरलात आणि कुत्रा बंद गाडीत, असं करू नका. काच चार बोटं खाली ठेवली तरी त्याचा उपयोग होत नाही. उन्हात पंधरा-वीस मिनिटांत गाडीची भट्टी होते, थंडीच्या दिवसांतही.

धक्क्यावरची

दाभोळ-धोपावे फेरीत गाडी चढते, कुत्रा गाडीत बसलेला असला तर कोणी काही म्हणत नाही. माणसं गाड्यांमधून उतरून कठड्याशी उभी राहतात. तुमच्यापैकी एकाने गाडीतच बसा. लोखंडी फळी खाली पडते तेव्हा मोठा आवाज होतो, कुत्री बिचकतात. चिपळूणवरून वळसा घालण्यापेक्षा फेरी केव्हाही बरी. हीच गोष्ट बागमांडला-वेश्वी आणि तवसाळ-जयगडला. शेवटची फेरी किती वाजता ते त्याच दिवशी विचारा, हंगामानुसार बदलतं.

मुंबईकरांसाठी: भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोमध्ये पाळीव प्राण्यांना नेता येतं. अलिबागपर्यंतचा महामार्ग वाचतो.

फलाट_क्रमांक_सहा

मुंबईकरांनी रेल्वेचाही विचार करावा. नियम असा की कुत्रा फक्त फर्स्ट क्लासमध्ये, आणि तेही दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन अख्खी तुमच्या नावावर असेल तरच. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार कशातही नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी, जी मी शत्रूच्या कुत्र्यालाही सुचवणार नाही. तिकिटं आधी काढायची, कूपे मिळावा म्हणून रेल्वेकडे अर्ज द्यायचा, आणि कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं. मग पार्सल कार्यालयात जाऊन कुत्र्याची नोंद, लसीकरणाचं प्रमाणपत्र घेऊन. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही चिपळूणला थांबतात, तिथून गुहागर साधारण पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे कुत्रा बसवणारी रिक्षा किंवा जीप आधी ठरवून ठेवा. दोन माणसं आणि एक कुत्रा असेल तर कूपे बरा. तुम्ही चौघं आहात आणि पुण्यातून निघताय, गाडीच काढा.

म्युनिकचा_महादू

आमच्याकडे जर्मनीत मोठ्या कुत्र्याचं रेल्वेचं अर्धं तिकीट काढायचं, मुसकं घालायचं आणि सरळ डब्यात शिरायचं. खुर्च्यांखाली गप्प पडलेली असतात.

फलाट_क्रमांक_सहा

महादू, आमच्या थ्री टियरमध्ये खुर्चीखाली आधीच कोणाची तरी पेटी, दोन पिशव्या आणि फणस असतो.

गलबत

कोणीच तारखांबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा का? दापोलीकडचे कर्दे, मुरुड, लाडघर हे किनारे तेव्हा माणसांनी फुललेले असतात. वाळूत गाड्या घालणारे, चारचाकी मोटरसायकली, घोडागाड्या, आणि एकतीस तारखेला रात्रभर डीजे आणि फटाके. दिवाळीत कुत्र्याला पलंगाखालून बाहेर काढता येत नाही ना? मग तेच अनोळखी घरात. शिवाय भाडी दुप्पट आणि घरमालकाला तुमच्याशी नीट बोलायलाही वेळ नसतो, कुत्र्याची अट तो कशाला मान्य करेल? संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, मधल्या वारी जा. जे डिसेंबरात नाही म्हणाले तेच हो म्हणतील.

शिमग्यातही नको. पालखी घरोघर फिरते, ढोल असतात, आणि घरची माणसं त्यातच गुंतलेली असतात. तो सण कुत्र्याशिवाय बघायला जा.

आगरातला

गलबत यांना अनुमोदन. एकतीसच्या रात्री आमचाच कुत्रा न्हाणीघरात लपतो.

तळ्यातमळ्यात

मुलीची शाळा आहे जानेवारीत, पण शनिवार-रविवारला जोडून काढता येईल बहुतेक. नवऱ्याला पडवीचा विषय मी वाचून दाखवला, तो आता पडवी हा शब्दच काढत नाहीये. किनाऱ्यावर तिला मोकळं सोडता येतं का? आणि वेळासला कासवांचा महोत्सव असतो, तिकडेही वळायचं मुलीच्या मनात आहे.

खारफुटी

वेळासला बुंदीला नेऊ नका, प्लीज. ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे जानेवारीत पिल्लांची खात्री नाही, ती मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दिसतात. घरटी उकरणाऱ्यांत कोल्हे आणि कुत्रीच आघाडीवर. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे अंडी गोळा करून कुंपणाच्या आत हलवायचं काम सुरू केलं ते माणसांपासून आणि या जनावरांपासूनच वाचवण्यासाठी. आंजर्ले, केळशी, गुहागर, सगळीकडे थोडीफार घरटी असतात, त्यामुळे रात्री आणि पहाटे किनाऱ्यावर पट्टा सोडूच नका. वेळासला मार्चमध्ये मुलीला वेगळं न्या.

तसंच अभयारण्यांत पाळीव कुत्री चालत नाहीत. वाटेत कर्नाळा किंवा फणसाड लागलं म्हणून 'जरा आत जाऊन येऊ' असं होणार नाही.

चिंचोका

मी कुत्र्यांना घाबरते. लहानपणी चावलाय. किनाऱ्यावर मोकळा कुत्रा धावत आला आणि मागून मालक ओरडला, 'काही करत नाही हो तो', की मला त्या मालकाला समुद्रात ढकलावंसं वाटतं. तो काही करत नसेल, पण मी तिथल्या तिथे गोठते. कृपया पट्टा लावा, आणि त्याने केलेली घाण उचला. बाकी बुंदीबद्दल माझी तक्रार नाही.

गुरांचा_डॉक्टर

चिंचोका यांचं शंभर टक्के बरोबर, आणि घाणीबद्दल तर वैद्यकीय कारणही आहे. कुत्र्याच्या विष्ठेतल्या हुकवर्मच्या अळ्या ओल्या वाळूत जगतात आणि अनवाणी चालणाऱ्यांच्या कातडीत शिरतात, नागमोडी खाजरी रेघ उठते. जंताचं औषध देऊन न्या, पिशव्या खिशात ठेवा. 'वाळूत पुरलं' म्हणजे उचललं नव्हे.

मोकळं सोडण्यात कुत्र्यालाही धोका आहे. प्रत्येक किनाऱ्याची आपली टोळी असते. गावाच्या टोकाला एक, मच्छीमारांच्या होड्यांपाशी दुसरी. पट्ट्यातली लॅब त्यांना परवडते, आपल्या हद्दीत उंडारणारी नाही. लांब, आठ-दहा मीटरची दोरी घ्या, पोहणं-धावणं सगळं होतं.

आता जे गिळतात त्याबद्दल, कारण लॅब आहे. जाळ्यातून फेकलेले केंड मासे वाळूत पडलेले असतात, फुगलेले, काटेरी किंवा नुसतेच गोल. त्यात जहाल विष असतं, तोंडात धरू देऊ नका. झार, म्हणजे जेलीफिश, मेलेला असला तरी भाजतो. समुद्राचं पाणी कुत्री खेळता खेळता पितात, मग उलट्या-जुलाब, जास्त प्यायलं तर त्याहून वाईट. दर पंधरा मिनिटांनी बाहेर बोलवून गोडं पाणी पाजा. घरी आल्यावर अंग गोड्या पाण्याने धुवा, कान कोरडे करा. लॅबचे कान ओले राहिले की आठवडाभराने तुम्ही माझ्याकडे येता. मे महिन्यात जाणाऱ्यांसाठी: आंब्याची कोय. आतड्यात अडकलेल्या कोयी शस्त्रक्रिया करून काढाव्या लागतात. आणि ओल्या काजूच्या बीचा चीक तोंड भाजतो.

सडा_वरचा

फुरशाबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या रत्नागिरीकडे सड्यावर आणि गडग्याच्या (कुंपणाच्या) दगडांत फुरसं भरपूर. छोटासा साप, रंग जांभ्यासारखाच, कुत्रं नाक खुपसतं आणि नाकावर किंवा पंजावर चावा बसतो. संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय फिरवू नका. चावलंच तर कापू नका, आवळून बांधू नका, चालवूही नका, उचलून गाडीत घाला. दवाखान्यात निघतानाच फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा, म्हणजे चुकीच्या गावाला जाणं टळतं.

दुपारी जांभ्यावर अनवाणी उभं राहून बघा. तुम्हाला पाय टेकवेना तर तिलाही नाही टेकवणार. आणि डुकरांसाठी लावलेली फासकी असतात रानाच्या कडेला. आगराबाहेर वाट सोडून शिरू देऊ नका.

स्पष्टवक्ता

बिबट्या, फुरसं, केंड, फासकी, कोय. माझा पहिला प्रतिसाद परत वाचावा.

मनीम्याऊ

:D :D

अन्नपूर्णेचा_डबा

जेवणाचं राहिलं. दापोली-गुहागरकडे बऱ्याच घरगुती खानावळी शाकाहारी असतात, तिथे 'कुत्र्यासाठी जरा दोन अंडी उकडून द्या' म्हणजे भांडण. तिचं नेहमीचं कोरडं खाणं मोजून न्या, एक दिवसाचं जास्त. त्यावर घरमालकिणीकडून मऊ भात आणि ताक मिळालं की काम झालं. मिठाशिवायचा भात आधी काढून ठेवायला सांगा, कांदा-लसूण घातलेली आमटी नको. वाडगी आपली न्या, घरच्या ताटल्या कुत्र्यापुढे ठेवू नका, त्या माउलीच्या मनाला लागतं आणि पुढच्या कुत्रेवाल्याला नकार मिळतो. मासे खात असाल तर काटे उष्ट्यात टाकून केळीच्या पानासकट अंगणात ठेवू नका. बुंदी काट्यासकट गिळेल.

देवदर्शनाला पाळी-पाळीने जा. व्याडेश्वरला दोघं आत, दोघं बाहेर. हर्णैच्या मासळीलिलावाला कुत्र्याला नेणं हा मात्र अत्याचार आहे, तिच्यावर आणि कोळणींवर.

तळ्यातमळ्यात

बराच बदललाय बेत. जानेवारीचा तिसरा आठवडा, गुरुवार ते रविवार. दापोली आणि गुहागर दोन्ही करायचं सोडलं. बुंदीला दर रात्री नवं घर नको, म्हणून एकच मुक्काम, गुहागरच्या आसपास. जाताना चिपळूणवरून आणि येताना फेरीने दाभोळ-दापोली बघत. वेळास मार्चसाठी ठेवलं. पडवीवाल्यांना आज नाही कळवलं. वर सांगितलेला प्रश्न तसाच्या तसा विचारून चार फोन केले. दोघं गप्प झाले, एक म्हणाल्या "मुलांना विचारून सांगते", आणि एक म्हणाले "दार लावून झोपणार असाल तरच आणा, बाहेर ठेवलेलं आम्हालाच चालत नाही." त्यांचंच घेतलं. विहिरीला कठडा आहे. कुत्रा नाही, मांजरं आहेत.

सासूबाईंचा एकच प्रश्न उरलाय: गाडीत मागच्या सीटवर बुंदीशेजारी कोण बसणार.

आगरातला

मांजरं स्वतःचं बघून घेतात. त्यांच्याकडे कोंबड्या असतील तर मात्र मागची खोली मागा, पुढच्या खोल्यांच्या खिडकीतून खुराडं दिसतं. संध्याकाळी अंधार पडायच्या आत तिचं फिरणं उरका, आणि रात्री लघवीला न्यावं लागलं तर अंगणातला दिवा लावून, पट्टा आखूड धरून, दोघांनी मिळून जा.

चहाबाज

आणि बीगलचं काय? तो दार लावून झोपतो, पण भुंकतो.

आगरातला

शेजारी खोली नसलेलं घर शोधा. भाडं दोन खोल्यांचं द्यायची तयारी असेल तर ऑफ-सीझनला असे लोक भेटतात.